कोपरा फाटलेलं कार्ड
द्राक्षांचा वास आला की मला ते कार्ड आठवतं. मी आठेक वर्षांची असेन. बाबा आगबोटीवर खलाशी होते आणि सात महिने त्यांचं पत्र नव्हतं. आई अंगणात बांगडे साफ करत होती. एरवी लांबूनच हाक मारणारा पोस्टमन त्या दिवशी गप्प येऊन उभा राहिला. हातातल्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. मयताची खबर तशाच कोपरा फाडलेल्या कार्डावर यायची. आत्येने रडत घागर उचलली आणि चूल विझवली. खवल्यांचे हात तसेच धरून आई म्हणाली, "वाचा." तो चाचरत वाचू लागला, "पोर्तो बंदरात आहे. मागे चित्र बघा, डोंगरावर आपल्या खाचरांसारखे द्राक्षांचे मळे. नदीवर उंच लोखंडी पूल, खाली दारूची पिंपं भरलेल्या होड्या. साहेबलोक मुद्दाम हे बघायला येतात, मी फुकट पाहिलं. तब्येत बरी." तिकिटाच्या हावेने वाटेत कुणीतरी कोपराच फाडून घेतला होता. आई हसली, मग आत्येवर उखडली, "आता ओल्या चुलीवर बांगडे कशे भाजू?" कोपरा फाटलेलं कार्ड वाचून फाडतात, घरात ठेवत नाहीत. आईने ते देवामागे ठेवलं. बाबा पुढे गेले ते म्हातारे होऊन, घरात, आपल्या खाटेवर. कार्ड अजून तिथेच आहे.