परतबोल्यांची अर्धी खुर्ची

परतबोल्यांचं खरं आडनाव गल्लीत कुणालाच सांगता येणार नाही. हा माणूस विमानतळाच्या टॉवरवर बसून विमानांना "आता उतरा, आता थांबा" सांगतो. त्या धंद्याचा एक नियम आहे. सूचना दिली की समोरच्यानं ती शब्दशः परत बोलून दाखवायची. नाही बोलला, तर सूचना दिलीच नाही असं धरायचं. वैमानिक सव्वीस वर्षं हा नियम मुकाट पाळत आले. पंचाईत झाली ती जमिनीवरच्या लोकांची.

भाजीवाल्याला "अर्धा किलो टोमॅटो, दोन लिंबं" सांगून हे तिथंच उभे. "परत बोला." न्हाव्यानं एकदा "मागून बारीक, कानावर ठेवायचे" असं अगदी बरोबर परत बोलून कानावरचेच उडवले. त्याच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बोलणं चोख होतं, हात चुकला." त्यांची बायको घरच्याच पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवते. ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगते, "लग्नाला मी हो म्हटलं, तर म्हणाले, पूर्ण वाक्यात परत बोला."

टॉवरवर माणसं दोनच. एक हे आणि दुसरी धाकटी, दोन वर्षांपूर्वी यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेली. पाच जिने चढून गेलं की चारी बाजूंनी काच, एक दुर्बीण, आणि प्रत्येक विमानाच्या नावानं एकेक कागदी पट्टी. पट्टी जरा वाकडी ठेवली तरी यांच्या कपाळाला आठी. धावपट्टीवर एक लंगडं कुत्रं हटकून तीनच्या विमानाच्या वेळीच येतं. त्याच्यावर डोळा ठेवणं हेही सरकारी काम, असं हे अभिमानानं सांगत.

तर एका मंगळवारी, यांच्या सुटीच्या दिवशी, साहेबांचा फोन आला. टॉवरवर नाही, घरी. टॉवरच्या फोनवरचा शब्द न शब्द ध्वनिमुद्रित होतो, हे साहेबांना पक्कं ठाऊक. हे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. फोन कानाला लागला आणि सव्वीस वर्षांची सवय उसळून वर आली.

"हो साहेब. पुढच्या महिन्यापासून दुपारी एक ते पाच टॉवर बंद. समजलं. दोन जागांची एक जागा. समजलं. कोण राहणार ते शुक्रवारपर्यंत आम्ही दोघांनी सांगायचं. नाही सांगितलं तर यादीतलं शेवटचं नाव जाणार. समजलं. तूर्त घरी कुणाला कळू द्यायचं नाही. समजलं."

आतलं शिवणयंत्र थांबलं. शेजारच्या भिंतीपलीकडे चहात फिरणारा चमचाही थांबला, खोटं कशाला बोला.

बायको टेप गळ्यात घालून बाहेर आली. "काय हो, कुणाला कळू द्यायचं नाही?"

"तुला."

"बरं. नाही कळलं म्हणून समजते." ती शेजारी टेकली. "शेवटचं नाव म्हणजे धाकटीचं ना?"

"तिचंच."

"म्हणजे तुम्ही गप्प बसलात की खुर्ची तुमची. मग तोंड का असं धुतल्या फडक्यासारखं?"

परतबोल्यांनी पायातली चप्पल फरशीच्या रेघेला सरळ लावली. "तिनं पहिलं विमान एकटीनं उतरवलं ना, तेव्हा घाम मला फुटला होता. आता मीच तिला म्हणू, जा घरी? आणि मी जायचं म्हटलं तर, अगं, सगळा जन्म वर बघण्यात गेला. खाली मला काय येतं?"

"खाली काही येत नाही, हे मात्र खरं," बायको म्हणाली. मग तिनं टेप दुमडून मध्यावर बोट ठेवलं. "मध्ये चार तास बंद म्हणजे दिवसाचे दोन तुकडे झालेच की. एक तुमचा, एक तिचा. आठवड्याला पाळी बदला. पगार अर्धा येईल, यंत्र आहे माझं."

"असं कुठं असतं का?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

साहेबांचा फोन धाकटीच्या घरीही गेला होता. बुधवारी तिनं टॉवरवर पाऊल ठेवताच ओळखलं. "काका, नाव माझं जाणार, आणि सुतकी चेहरा तुमचा?" त्यांनी बायकोची युक्ती सांगितली. ती म्हणाली, "अर्धी तर अर्धी. तसं तरी पूर्ण खुर्चीत तुम्ही मला कधी बसू दिलंत? पट्टी सरळ करायला मध्ये हात घालताच की."

मग परतबोल्यांनी फोन उचलला. टॉवरचाच.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ध्या जागेची तरतूद नाही हो."

"ठीक आहे साहेब. मग मूळची सूचना नीट परत बोलून दाखवा, म्हणजे आमच्याकडे गोंधळ नको. टॉवरवर एकच माणूस. सकाळी सहा ते एक, पुन्हा संध्याकाळी पाच ते आठ. दहा तास, एकटा. थकला तर बदली नाही, आजारी पडला तर दुसरं कुणी नाही. ही तुमची सूचना. परत बोला."

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. धाकटी ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती.

"मी असं करतो," साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला घरी फोन करतो."

"घरी सगळी गल्ली ऐकते साहेब. इथंच बोला. नाही बोललात तर आमच्यात सूचना दिलीच नाही असं धरतात."

साहेब बोलले नाहीत. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी दुपारी मात्र कागद आला. तरतूद सापडली होती. इतके दिवस बहुतेक कुठल्या तरी फायलीखाली झोपली असावी. दोघंही राहिले, अर्धे अर्धे. दुपारचा टॉवर तेवढा वाचला नाही. एक ते पाच बंद म्हणजे बंद.

त्या वेळात येणारे वैमानिक आता रेडिओवर आपसातच विचारून उतरतात. कुत्र्याची जबाबदारी धाकटीनं फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिली, आणि त्याच्याकडून दोनदा परत बोलवून घेतली. गुरूचा गुण, दुसरं काय!

सकाळची पाळी असली की परतबोले दीडला घरी येतात आणि शिवणाच्या दुकानात मापं लिहितात. "बाही कोपराखाली दोन बोटं, खिसा एकच, डावीकडे. परत बोला." गिऱ्हाइकं वैतागतात, पण तेव्हापासून एकही कपडा उसवायला परत आलेला नाही.

तीनला मात्र हे वही मिटतात आणि जुनी दुर्बीण घेऊन गच्चीवर जातात. टेप गळ्यातच असतो. विमान झाडांआड खाली जातं, आवाज बारीक होत होत थांबतो, तरी हे आणखी दोन मिनिटं तिकडंच बघत उभे असतात. मग जिना उतरतात.

"उतरलं?" बायको यंत्रावरून मान वर न करता विचारते.

"उतरलं."

"परत बोला."

"उतरलं गं बाई, नीट उतरलं," परतबोले म्हणतात आणि वही उघडतात.