बंडलरावांची दिवंगत बायको

बंडलरावांना आयुष्यात कसलंही दुःख नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

समुद्रकाठच्या पाच खोल्यांच्या गेस्टहाउसची गाडी ते चालवायचे. स्टेशनपासून गेस्टहाउसपर्यंत चाळीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तोंड बंद ठेवणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. दीपगृह आधी चुकून रस्त्याकडे तोंड करून बांधलं होतं, पोस्टमास्तरांचं मांजर भरतीची वेळ सांगतं, असलं काहीबाही ते इतक्या शांतपणे सांगायचे की पाहुणे उतरल्यावर आधी मांजर बघायला जायचे. गावाने बंडलराव हे नाव ठेवलं ते उगाच नव्हे. खरं नाव आता लायसन्सवर तेवढं उरलं होतं. थापांनी त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही आणि स्वतःचं भलंही केलं नाही. समोरच्याचा चेहरा उजळला की गडी खूश.

घरात मात्र नियम होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या बायकोचं शिवणाचं दुकान होतं आणि सगळं गाव तिला टेलरकाकू म्हणायचं. लग्न झाल्यावर चौथ्याच दिवशी टेलरकाकूंनी सांगून टाकलं होतं, "अहो, गावाला काय हव्या त्या थापा मारा. मला मारायच्या नाहीत आणि माझ्याबद्दल मारायच्या नाहीत." तीस वर्षांत बंडलरावांनी पाळलेला हा एकमेव नियम. निदान टेलरकाकूंची तशी समजूत होती.

दरवर्षी गर्दीचा हंगाम सरला की गेस्टहाउसवर लेखक मंडळी यायची. शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी परत. मधल्या वेळात वाळूत फिरायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं आणि त्यावर खरं काय वाटलं ते गाडीत बोलायचं. तीन वर्षांपूर्वी कादंबऱ्या लिहिणाऱ्या एक बाई पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर वही उघडली आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?"

बंडलरावांनी मनापासून शोधलं. लेक सासरी सुखात होती, दात शाबूत होते, बायको ठणठणीत होती. "तसं काही नाही बुवा," ते म्हणाले. बाईंनी वही मिटली. ते मिटणं बंडलरावांच्या जिवाला लागलं. आपल्या गाडीतून पाहुणा रिकाम्या हाताने उतरणार! त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायकोला या समुद्रानं नेलं हो."

वही पुन्हा उघडली.

पुढच्या वर्षी एक कवी आले. एकाला दिलेलं दुःख दुसऱ्याला देणं म्हणजे उष्टं वाढण्यासारखं, म्हणून कवींसाठी बायको तापाने गेली. तिसऱ्या वर्षी आलेल्या दाढीवाल्या कथालेखकांना मरण म्हणजे फार सोपी युक्ती वाटायची, तेव्हा त्यांच्यासाठी ती दीपगृहाच्या वायरमनबरोबर पळून गेली. प्रत्येकाला बंडलरावांनी बजावलं, "कुणाला सांगू नका हं. शपथ घ्या." प्रत्येकाने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. लेखकाने शपथ घेतली की तो ती पाळतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. जगाला बंडल मारणारा हा माणूस इतका भाबडा!

यंदा ती तिन्ही मंडळी एकदम आली. शुक्रवारी स्टेशनवर सामान चढवताना कादंबरीबाईंनी त्यांचा दंड दाबला, "काका, तुमच्या पत्नीवर लिहिलंय. रविवारी गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, तिथे वाचणार आहे." शनिवारी सकाळी दीपगृहापाशी कवी कानात तेच कुजबुजले. शनिवारी दुपारी दाढीवाले म्हणाले, "गावाचं नाव घातलेलं नाही, निश्चिंत राहा." बंडलरावांची पाचावर धारण बसली. कारण हॉलच्या स्टेजचे नवे पडदे टेलरकाकूंनी शिवले होते, आणि त्याबद्दल संयोजकांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेतली खुर्ची दिली होती.

"अगं, फार कंटाळवाणं असतं ते," त्या संध्याकाळी बंडलराव म्हणाले.

"मी पडदे बघायला चाललेय."

"हॉलमध्ये उंदीर झालेत."

टेलरकाकूंनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "अहो, तुम्ही मला थाप मारताय?"

"छे छे!" असं म्हणून बंडलराव गाडी धुवायला गेले. ती सकाळीच धुऊन झाली होती.

रविवारी हॉल गच्च भरला. टेलरकाकू ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, बंडलराव मागे दाराला टेकून उभे होते. आधी कादंबरीबाई उठल्या. त्यांच्या गोष्टीतली बायको वाऱ्याने उडालेली चादर आणायला पाण्यात शिरली ती परत आलीच नाही. ती शिंपीण होती. ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि किती टाचण्या आहेत यावरून नवऱ्याला राग किती ते कळायचं. गावकऱ्यांच्या माना हळूच पहिल्या रांगेकडे वळल्या.

मग कवी. त्यांच्या कवितेतली बायको तापाने गेली. ती रस्ता ओलांडताना शेजारी जो असेल त्याचा हात घट्ट धरायची, अनोळखी का असेना, आणि पलीकडे गेल्यावर त्यालाच रागवायची. इथे एकदोघांना खोकला आला. त्यांचे हात धरले गेले होते.

शेवटी दाढीवाले. बायको वायरमनबरोबर पळाली हे वाक्य आलं आणि माइक सांभाळायला बसलेल्या खऱ्या वायरमनच्या हातून वायर सुटली. गेलं वर्षभर आपण कुणाला तरी पळवून नेलंय, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती. माइक पुन्हा सुरू झाल्यावर दाढीवाल्यांनी शेवट वाचला: बायको रोज कपात दोन घोट चहा उरवायची आणि फार गोड झालाय म्हणून नवऱ्यापुढे सरकवायची. ती गेल्यावर त्याने कित्येक दिवस दोन कप करून पाहिले, पण ते दोन घोट काही जमले नाहीत.

बंडलरावांना घाम फुटला होता. मरणं आणि पळणं खोटं होतं, पण टाचण्या, हात आणि चहा हे काही त्यांना सुचलेलं नव्हतं. खोट्याला आधार म्हणून जे हाताशी होतं ते त्यांनी देऊन टाकलं होतं. घरात तोंडातून कधी न निघालेलं सगळं परक्या माणसांना सांगितल्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"कुणाला काही बोलायचंय?" संयोजकांनी विचारलं.

टेलरकाकू उभ्या राहिल्या.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या गोष्टीत चूक आहे. ती बाई चहा गोड झाला म्हणून उरवत नसणार. त्याला आणखी मागायची लाज वाटते, म्हणून उरवत असेल." आणि त्या बसल्या. दाढीवाल्यांनी ते लगेच टिपून घेतलं.

घरी जेवण झाल्यावर टेलरकाकूंनी टाचण्यांची डबी उघडली आणि एकेक टाचणी ओठांत धरली. बंडलरावांनी मोजल्या, सात. एवढ्या त्यांनी आजवर पाहिल्या नव्हत्या. मंडळींना स्टेशनवर सोडायची वेळ झाली, तेव्हा काकूंनी टाचण्या डबीत टाकल्या आणि त्या मुकाट्याने गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"तुम्हीच ना त्या चहावाल्या?" मागून कादंबरीबाईंनी विचारलं. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही. नवरा गेला माझा."

बंडलरावांनी गिअर चुकवला. मागे तीन वह्या उघडल्या.

"कसे गेले?" कवींनी हळुवारपणे विचारलं.

"थाप मारताना ठसका लागला."

मागची मंडळी गंभीर झाली. बंडलरावांना हसू येईना, रडू येईना.

"कसा होता माणूस?" दाढीवाले म्हणाले.

टेलरकाकू समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "ड्रायव्हर होता. माझ्या दुकानावरून गाडी गेली की हॉर्न वाजवायचा. आडवं कुणी नसायचं. रोज, तीस वर्षं. मी कधी मान वर केली नाही, हातात काम असायचं. पण एखाद दिवशी वाजला नाही तर माझी शिवण वाकडी जायची. हे त्याला सांगायचं राहूनच गेलं." मग मागे वळून त्यांनी बजावलं, "कुणाला सांगू नका हं."

तिघांनी छातीवर हात ठेवला.

परतीची चाळीस मिनिटं बंडलराव पहिल्यांदाच गप्प होते. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते पुसायला हात स्टिअरिंगवरून निघत नव्हता. गाव आलं, बाजार आला, बंद दुकान आलं. काय करावं त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला.

"मेलेल्या माणसानं हॉर्न वाजवू नये," टेलरकाकू म्हणाल्या, पण त्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

गाडी लावून दोघं उतरले. रस्ता ओलांडताना काकूंनी शेजारच्या माणसाचा हात घट्ट धरला आणि पलीकडे गेल्यावर त्यालाच रागावल्या.