आकडा काय बोलतो ते सांगा

“तोंड उघड.”

मोखाड्याच्या अलीकडे घाटात रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. मी नुकताच पोकलेनच्या केबिनमधून उतरलो होतो. सुपरवायझरने माझी हनुवटी धरली. खालच्या उतारावर डबर गोळा करणाऱ्या बाया वर बघत होत्या. त्यांत माझी बायको, जानकी.

मी तोंड उघडलं. त्याने नाक जवळ आणून हुंगलं. बाजारात गुराचे दात बघतात तसं.

“सकाळीच लावून येतात. सगळी जातच तसली.”

मी प्यायलो नव्हतो. तोंडाला नागलीच्या भाकरीचा वास होता, बस.   मला तेव्हा सुपरवायझरची भीती वाटत नव्हती. मागे उभ्या मशीनची वाटत होती.

उतरण्याआधी बकेट भरून मी फिरवायचा दांडा सोडला होता. दांडा सोडला की मशीनचं वरचं धड जागेवर थांबतं. थांबायलाच पाहिजे. ते थांबलं नाही. उताराकडे आपलं आपण सरकत गेलं, भरली बकेट घेऊन, बायांच्या डोक्यावर. मी दांडा उलटा ओढला तेव्हा कुठे थांबलं. एक दगड सुटला आणि जानकीच्या पुढ्यात पडला. तिने वर बघितलं. काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरचा. भिवंडीला मशीनं धुता धुता ऑपरेटर झालो. जुनी मशीनं बिघडली की तेल गाळायची, कण्हायची, कळायचं. हे नव्या जातीचं होतं. केबिनमध्ये छोटा स्क्रीन. काही बिनसलं की त्यावर एक इंग्रजी अक्षर, पुढे आकडा, आणि बझर वाजायचा.

कितीतरी दिवस तोच आकडा येत होता. मी सांगितलं. सुपरवायझर वर चढला, स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली, बझरची वायर उपटली.

“आता दिसतंय? ऐकू येतंय? मग चालव.”

फिरवताना मशीन जड जायचं. जळका वास यायचा. रोज सकाळी चावी लावताना नजर त्या पट्टीकडे जायची. पट्टीखाली आकडा पेटलेला आहे हे मला माहीत. त्याचा अर्थ माहीत नाही. रानात बिबट्याचा माग दिसला तर कुठल्या वाटेने जायचं नाही ते आम्हाला कळतं. इथे माग दिसत होता, जनावर कुठलं ते कळत नव्हतं. जानकीला मी यातलं काही बोललो नव्हतो. तिला काय सांगणार? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

दगड सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून सर्व्हिस इंजिनीयर आला. माझ्याच वयाचा. माझ्या सीटवर आधी वर्तमानपत्र पसरलं, मग बसला. पट्टी काढली, लॅपटॉपची वायर जोडली. मी पायरीवर चढून आत बघायला लागलो.

“खाली हो,” सुपरवायझर म्हणाला. “घामाचा वास मारतोय.”

खालून मला त्यांचं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी ऐकू येत होतं. ‘ब्रेक’ एवढा एकच शब्द कळला. 

“साहेब, काय झालंय त्याला?”

“तुला काय करायचंय? तू दांडे ओढ,” सुपरवायझर म्हणाला.

इंजिनीयर खाली मान घालून वायर गुंडाळत होता. पार्ट मागवायला लागेल म्हणाला. तोवर आकडा पुसून दिलाय. स्क्रीन कोरा झाला होता.

“चल, चालू कर,” सुपरवायझरने फर्मावलं.

मी चढलो. खाली बाया परत डबर वेचायला वाकल्या होत्या. चावी फिरवली. मशीन वळवलं आणि तोच जडपणा, तोच वास. स्क्रीनवर आकडा परत आला. आता त्याच्यावर पट्टी नव्हती. 

मी बकेट सावकाश जमिनीला टेकवली. इंजिन बंद केलं. चावी काढली आणि उतरलो.  सगळ्यांसमोर लघवी होते की काय असं वाटत होतं.

“आकडा काय बोलतो ते मला मराठीत सांगा,” मी म्हणालो. “तोवर मशीन चालणार नाही.”

“चावी दे.”

“नाय देत.”

सुपरवायझरने माझी कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटलं. मी मूठ उघडली नाही. आवाज माझा मलाच अनोळखी वाटत होता, बारीक, चिरका. तरी तेच बोलत राहिलो. “आकडा काय बोलतो? सांगा ना. काय बोलतो?”

शेवटी इंजिनीयरच बोलला. माझ्याकडे न बघता.

“वरचं धड धरून ठेवणारा ब्रेक आहे ना, तो सोडवणारी वायर तुटलीय. ब्रेक लागलेलाच राहतो आणि तू तसाच फिरवतोस. घासून घासून संपत आलाय. उतारावर धरेल याचा भरवसा नाही.”

“म्हणजे बाया खाली असल्या तर?”

त्याने लॅपटॉप मिटला.

खालून जानकी ओरडली, “ऐकलं ना सगळ्यांनी? घमेली ठेवा. आमी नाय राहत खाली.”

बाया वर आल्या. एकेक करून, पदर खोचून, सुपरवायझरच्या समोरून. तो शिव्या देत होता. 

त्याच संध्याकाळी मला काढलं. जानकीला काढलं, बायांनाही काढलं. दोन दिवसांनी दुसरा ऑपरेटर आला, बिहारकडचा. मी रस्त्यावर थांबून त्याला मोडक्या हिंदीत आकड्याचा अर्थ सांगितला. त्याने ऐकून घेतलं. “भैया, हम भी डरते हैं,” म्हणाला, आणि चढला. खाली दुसऱ्या पाड्यावरच्या बाया आणल्या होत्या. त्यांच्याकडेही गेलो. काही वर आल्या, काही खालीच राहिल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून त्या बकेटकडे बघत राहिलो. आयुष्यात तेवढा कधी घाबरलो नव्हतो.

कुणी मेलं नाही. पार्ट आला, ब्रेक बदलला. सुपरवायझर सगळ्यांना सांगत सुटला, बघा, काही झालं का?

मी ठाण्याला गेलो. एका वर्कशॉपमध्ये पुन्हा मशीनं धुण्यापासून सुरुवात केली आणि ते आकडे, म्हणजे कोड, वाचायला शिकलो. अडायचो, विचारायचो, हसं व्हायचं, परत विचारायचो. आता लॅपटॉप घेऊन मीच साइटवर जातो. जव्हारला, मोखाड्याला, पोशेऱ्याच्या रस्त्याला. ऑपरेटरला आधी केबिनमध्ये शेजारी घेतो. आकडा दाखवतो. तो काय बोलतो ते त्याच्या बोलीत सांगतो. खाली माणसं काम करत असतील तर त्यांनाही सांगतो. मगच मालकाशी बोलतो. बिघाड काढल्याशिवाय आकडा पुसत नाही.

मागे आमच्या वर्कशॉपच्या साहेबाने मला बोलावून घेतलं. “ऑपरेटरला कशाला सांगत बसतोस? ते कामं थांबवतात. तक्रारी येतात.”

 नोकरी जाईल, घर कसं चालेल, सगळं डोक्यात येऊन गेलं.

“त्यांनी थांबवावं म्हणूनच सांगतो,” मी म्हणालो. “उद्यापण सांगणार.”