अर्ध्या मिशीचा नवरदेव

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी माझी अर्धी मिशी कापली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तेवढी ठाऊक आहे, पण तिलाही मी सांगितली नव्हती, तिने ती वासावरून ओळखली.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. शनिवारी लाँचने बेलापूरला उतरायचो आणि बांधाबांधाने चालत शिरवण्याजवळच्या आमच्या गावी यायचो. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला गावात मी एकटा, आणि त्याचा मला भलताच माज होता. लग्न ठरल्यावर मी मुंबईहून एक सेफ्टी रेझर आणला, आणि हळदीच्या दिवशी ओटीवर दहा-बारा माणसं बसलेली असताना गावच्या न्हाव्याला सुनावलं, "काका, उद्या तुमचा वस्तरा नको. माझी दाढी मीच करणार. साहेबलोक अशीच करतात."

नवरदेवाची दाढी करणं हा त्याचा पिढीजात मान होता. माझं जावळही त्यानेच काढलं होतं. पन्नाशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने धोकटी बंद केली आणि "बरं बाला" एवढंच म्हणाला. वडील मात्र तिथेच भडकले. "चार बुकं शिकला नि शेफारला," असं त्यांनी सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाला शिडाच्या पडावाने पनवेलच्या बंदरात आणि तिथून बैलगाड्यांनी खांदेश्वराच्या पलीकडे मुलीच्या गावी जायचं होतं. भरती चुकली असती तर पडाव चिखलात रुतला असता आणि मुहूर्त हुकला असता. मी मागच्या पडवीत खांबाला आरसा अडकवला, तोंडाला साबण फासला आणि साहेबासारखा एक गाल साफ केला. दुसऱ्या गालावर रेझर ठेवला, तेवढ्यात वडील बांधावरून गरजले, "पानी चढलं रं! नवरा कुठं हाय?" मी दचकलो. रेझर गालावरून सरळ नाकाच्या दिशेने गेला आणि डावीकडची मिशी साबणाबरोबर खाली आली.

उजवीही काढून टाकावी, असं एखाद्या मुंबईकराच्या मनात आलं असतं. पण आमच्याकडे बाप गेला की मुलाची मिशी उतरवतात. बाप धडधाकट असताना मिशीवाचून मांडवात उभा राहणारा मुलगा म्हणजे बापाच्या मरणावर टपलेला. त्यात मुलीच्या आजोबांनी आधीचं एक स्थळ नुसत्या शिंकेवरून मोडलं होतं. लग्न मोडलं असतं तर माझं काय व्हायचं ते झालं असतं, मी मुंबईला पळालो असतो. वडिलांना मात्र त्याच गावात राहायचं होतं.

तोंडावर उपरणं गुंडाळून मी गोठ्याकडे पळालो. गोठ्यामागच्या चिंचेखाली न्हावी धोकटी मांडीवर घेऊन बसला होता. वऱ्हाडाबरोबर जायचं, नवरदेवाचा घाम पुसायचा, मुंडावळ्या सारख्या करायच्या, हेही त्याचंच काम होतं. मी उपरणं सोडलं. आता हा गावभर सांगणार, अशी माझी खात्री होती. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "हात लावू नको. बस."

आधी त्याने माझ्या मानेवरची एक बट कापली, बोटांत चोळली आणि फेकून दिली. "डोक्याचा केस मऊ. मिशीला राठ पायजे." मग त्याची नजर गोठ्यात फिरली. तिथे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा काळा बोकड बांधलेला होता. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने बोकडाच्या मानेवरचे चिमूटभर केस कापले. बोकड माझ्यापेक्षा जास्त ओरडला.

खाडीवर कुणीतरी होडीच्या फटी बुजवायला राळ आणि तेल उकळत होतं. त्यातलं थोडं तो करवंटीतून घेऊन आला. माझा ओठ म्हणजे काय होडीचा तळ आहे, असं मला विचारायचं होतं, पण ओठ त्याच्या चिमटीत होता. चार-चार केस घेऊन तो बसवत गेला, फुंकर घालत गेला, मग कात्रीने उजवीकडच्या मिशीसारखा उतार दिला. आरशात बघितलं तर माझी कुठली आणि बोकडाची कुठली, मलाच सांगता येईना. इतकं सुबक काम आमच्या कचेरीत एकाही साहेबाच्या हातून झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"हसू नको. रडू नको. बोलू नको," त्याने बजावलं, "नि जेवताना घास उजव्या बाजूनं घे."

पडावात मी असा बसलो की आत्या म्हणाली, "शिकलेला मानूस, कसा गंभीर हाय बघा." ऊन चढलं तशी राळ पाघळायला लागली. न्हावी माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. दर थोड्या वेळाने तो पंच्याने घाम पुसायचा आणि पुसता पुसता अंगठ्याने मिशी दाबायचा.

मांडवात अंतरपाट खाली आला आणि मुलीने पदर नाकाला लावला. मला वाटलं, मी तिला आवडलो नाही. तिला वाटलं होतं, नवरा गोठ्यात झोपतो. दुसऱ्या दिवशी त्या बोकडाचं जेवण झालं तेव्हा मी भातावर नुसती आमटी घेतली, आणि मांडवातला तो वास कुठून आला होता, ते तिने ओळखलं.

खरी कसोटी आजोबांची होती. अक्षता पडल्यावर ते काठी टेकत आले आणि अगदी नाकाला नाक लागेपर्यंत वाकले. "मिशी झ्याक हाय," ते म्हणाले.

"आमच्या गावचं पानीच तसं," न्हावी म्हणाला, आणि त्याने माझा घाम पुसला.

निघायच्या आधी मांडवामागे तो मिशीची सुटलेली कड पुन्हा बसवत होता. मला राहवलं नाही. ओठ न हलवता मी विचारलं, "काका, मी चारचौघांत तुमचा अपमान केला. तरी माझ्यासाठी का केलंत एवढं?"

"तुज्यासाठी कोनी केलं?" तो म्हणाला. "तुजा आजा गेला तवा तुज्या बापसाची मिशी मीच उतरवली, खाडीवर. वस्तरा लावला नि ल्हान पोरावानी रडायला लागला. चार येला मना हात थांबवाया लागला. आज त्याच्या पोराचं लगीन. आज त्याच्या म्होरं बिनमिशीचा पोरगा उभा करू?"

मी मांडवाकडे पाहिलं. पंगतीला आधी कुणी बसायचं यावरून वडील व्याह्यांशी तावातावाने भांडत होते. फेटा कानावर घसरला होता, आवाज खाडीपर्यंत जात असावा, आणि चूक नेहमीप्रमाणे त्यांचीच होती. त्या क्षणी ते मला इतके आवडले की माझे डोळे भरून आले.

"रडू नको म्हनलो ना," न्हाव्याने दटावलं.

मी वाकून त्याच्या पाया पडलो. एकाच हाताने पडलो, कारण दुसऱ्या हाताने मिशी धरली होती.