हेडफोनमधली बाई

कडावची ती घटना अजून माझी पाठ सोडत नाही. सांगताना लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मी तेव्हा कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सोमवारी सकाळी कडावचे सत्तरीचे एक शेतकरी आजोबा आले. कान अधू, म्हणून मुलाने त्यांना टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन आणून दिला होता.

"साहेब, टीवी बंद असला तरी यात एक बाई रडते. पानी मागते. दुपारची लय कळवळते."

घरच्यांनी भगत बोलावून हेडफोनवरून लिंबू उतरवून टाकलं होतं. मी तो कानाला लावला. नुसती खरखर. ठाणे अंमलदार हसला, "बहिऱ्याला भूत ऐकू येतंय, साहेब!" मीही हसलो. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा घेतली नाही. "बघतो आम्ही," असं सांगून आजोबांना वाटेला लावलं.

गुरुवारी आमच्या वायरलेस सेटवर मध्येच कुठल्याशा रिसॉर्टच्या वॉचमनचं बोलणं घुसलं. ऑपरेटर वैतागून म्हणाला, "जवळच कुणाचा तरी सेट चालू आहे." मी खुर्चीतून उठलोच. उभी नोकरी वायरलेसवर काढलेल्या माणसाला एवढं सुचायला तीन दिवस लागावेत! हेडफोनमध्ये आवाज येतोय म्हणजे बोलणारं माणूस आहे, आणि ते आजोबांच्या घराजवळच आहे.

तडक कडाव गाठलं. आजोबांचा हेडफोन लावून गल्लीतून चालू लागलो. तिसऱ्या घराशी, किराणा दुकानाच्या मागे, खरखर सरली. "पानी दे रं बाला..." आवाज अगदी क्षीण होता. मागे कोण राहतं, असं मी दुकानदाराला विचारलं.

"आई बहिनीकडं गेलीय, पळसदरीला," दुकानदार म्हणाला. गावालाही त्याने तेच सांगितलं होतं. पंचांसमोर मागच्या खोलीचं कुलूप उघडायला लावलं. लकव्याने अंथरुणाला खिळलेली त्याची आई आत होती. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून मिळतं, ते यंत्र तिच्या उशाशी होतं. त्याचा जोडीचा भाग दुकानात वजनकाट्याशेजारी सापडला.

चौकशीत तो आधी गुरगुरला. मी एवढंच विचारलं, "दुकानात तिचा आवाज यायचा ना?"

मग तो बोलला. "यायचा. सारखी हाका मारायची. गिऱ्हाईक असलं की आवाज बारीक करायचो. अंथरून वलं करते म्हनून पानी कमीच द्यायचो."

शनिवारी ती रुग्णालयातच वारली. दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलावर दोषारोपपत्र दाखल झालं. माझ्या तीन दिवसांना मात्र कुठलं कलम लागत नव्हतं.

खोटं बोलणारा ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. खरं बोलणारा समोर आला, तर मी त्याचे कान बघत बसलो. पुढे कितीही वेडगळ तक्रार येवो, नोंद घेतल्याशिवाय मी कुणाला परत पाठवलं नाही.

आजोबांचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. आणखी काही सांगायचंय का, असं शेवटी विचारलं.

"ठान्यातून गेल्यावर मी रोज तिच्याशी बोलायचो, साहेब," ते म्हणाले. "म्हनायचो, जरा दम धर गं बाय, साहेबांना सांगितलंय, ते येतील."