भीमाचं पुढचं चाक

भीमाच्या सायकलचं मागचं चाक पलटणीच्या हिरव्या रंगाचं होतं आणि पुढचं लखलखीत निकेलचं. भिंगारच्या बाजारात कुणीतरी टवाळखोर विचारायचाच, "काय भीमा, चाकांचं लगीन जातीबाहेर लावलंस व्हय?" भीमा हातातला पाना घेऊन आपल्या सायकलच्या दुकानाबाहेर यायचा. तोवर विचारणारा पसार झालेला असायचा.

त्या चाकाची गोष्ट सेहेचाळीसच्या मे महिन्यातली.

भीमा भिंगारच्या महारवाड्यातला. लढाई पेटली तेव्हा लष्कराच्या डेपोत पेट्या उचलायला लागला. शाळा दुसरीतच सुटलेली. किराण्याच्या पुड्या उलगडून उलगडून मराठी वाचायला शिकला आणि पेट्यांवरची अक्षरं बघून इंग्रजी. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर सांगायचा, "वाण्याच्या पुडीनं न् गोऱ्याच्या पेटीनं. मास्तरनं तर नुसतं दाराबाहेर बसवलं."

लढाई संपली आणि डेपोतल्या मोडक्या सायकली लिलावात निघाल्या. भीमाने सांगाडा एकीचा घेतला, चाकं दुसरीची, हँडल तिसरीचं. सहा महिने रोज सुटी झाल्यावर तो त्या भंगाराशी झटत होता. सायकल उभी राहिली तेव्हा त्याने छावणीतून रीतसर लायसन काढलं. पितळी बिल्ला सीटखाली ठोकला आणि शर्टाच्या बाहीने पुसला. त्याच्या घराण्यात मालकीची म्हणावी अशी ती पहिली वस्तू. तिसगावला दिलेल्या बहिणीला, दगडाबाईला, निरोप गेला: बाजारच्या दिवशी सायकलवर येतो.

सोबत आपल्या सायकलवर निघाला शामकांत. हा डेपोतला कारकून, बाप नगरला संस्कृतचा मास्तर. डेपोत चहाच्या कपबश्या जातीप्रमाणे वेगळ्या. एके दिवशी शामकांत सगळ्यांदेखत भीमाच्या कपातून चहा प्याला आणि तिथून दोस्ती जमली. चारचौघांत भीमा त्याला शामराव म्हणायचा, एरवी शाम्या.

पहाटेच दोघं भिंगारहून सुटले. ऊन वर यायच्या आत करंजीचा घाट गाठला. उतार लागला आणि भीमाने पाय पायडलवरून उचलून लांब केले.

"शाम्या, बघ! इंजन बंद न् गाडी चालू!"

"हस, हस. येताना हाच घाट चढायचाय. इथं सगळे उतरतात. कलेक्टरची स्वारी सायकलवर आली तरी उतरेल."

"कलेक्टरच्या पायात काय दम हाय? म्या न्हाई उतरायचा."

घाटाखाली पुढे एक गाव लागलं. नाव काय करायचं त्याचं? त्या काळात कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चाललं असतं. रस्ता चावडीवरूनच जात होता. पारावर आबासाहेब पाटील दोन-चार जणांसोबत तंबाखू मळत बसलेले.

"पाव्हनं, कुठलं?"

गावाचं नाव विचारतात ते गावासाठी नाही, हे भीमाला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने ब्रेक दाबला, एक पाय टेकवला आणि सरळ सांगितलं, "भिंगारचा. तिसगावच्या दगडाबाईचा भाऊ. म्हारवाड्यात चाललोय."

पारावरचे दोघं उठले. एकाने हँडल धरलं. आबासाहेबांनी त्याला नावाने नाही, जातीने हाक मारली आणि म्हणाले, "चावडीम्होरनं बसून जातोस? तुजा बाप इथनं पायतान डोक्यावर घेऊन गेला आसंल. सायकल कुनाची?"

भीमाने तोंड उघडलं, पण शामकांत मध्ये पडला. खाली उतरून, हात जोडून, घाईघाईने बोलला, "माझी आहे, पाटील. दोन्ही सायकली माझ्याच. हा आपला गडी, नेऊन पोचवतोय. चुकला बिचारा."

पाटलांचा चेहरा सैल पडला. "आसं व्हय. मंग उतरून ने म्हनावं. मालकाची वस्तू हाय."

हँडल सोडलं गेलं. भीमा उतरला. पाटलाला भिऊन उतरला असता तर ते परवडलं असतं. तो उतरला, कारण 'बिचारा' हा शब्द त्याच्या गुडघ्यांत बसला होता. वेशीपर्यंत तो आपलीच सायकल गड्यासारखी ढकलत गेला.

वेशीबाहेर शामकांत म्हणाला, "तुझं डोकं फुटलं असतं रे."

"माजं डोकं हुतं. तुला कुनी इचारलं?"

"वेळ मारून नेली, एवढंच."

"येळ न्हाई मारलीस. मला मारलंस."

रागाच्या भरात त्याने बाभळीखालून सायकल रेटली आणि काटा भरला. पंक्चर काढेपर्यंत बाजाराच्या चार गाड्या पुढे निघून गेल्या. गाड्यांबरोबर चावडीवरची बातमीही गेली.

तिसगावात दगडाबाईने अंगण सारवलं होतं. सायकलची पूजा करायची म्हणून ताटात हळद-कुंकू, नारळ काढून ठेवलेलं. गल्लीतल्या बाया जमलेल्या. पण भाऊ दारात आला तेव्हा ताट हातात नव्हतं. ते कोनाड्यात गेलं होतं.

"आक्का, ताट कुठंय?"

"परक्याच्या वस्तूला कुकू कसं लावू रं भीमा? बाजारात समदे म्हनत्यात, बामनाची सायकल ढकलीत आलाय. सा म्हैनं म्या साऱ्या वाड्याला सांगत हुते, माज्या भावानं केली, माज्या भावानं केली."

शामकांत लगेच म्हणाला, "ताई, त्याचीच आहे ती. मी खोटं बोललो."

दगडाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिकडं एक सांगायचं न् हितं एक? मंग आमी कोनतं खरं धरावं, दादा? जिथं सांगितलं तिथंच जाऊन सांगा."

शामकांत तिच्या घरी जेवला. भाकरी, ठेचा, मागून मागून जेवला. वाड्याला त्याचं फार कौतुक वाटलं. भीमाला नाही वाटलं. हात धुताना तो म्हणाला, "हितं जेवलास, लई झ्याक. हितं बघायला तुज्या जातीचं कुनी न्हाई. उद्या चावडीम्होरं बोल. तेवढं एकच वाक्य. मार पडला तर म्या खाईन."

"बोलेन," शामकांत म्हणाला. आणि त्या घडीला त्याला ते मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरलेलीच होती. शामकांत आपण होऊन उतरला. भीमा उतरला नाही. सीटवर बसूनच त्याने एक पाय पाराच्या दगडाला टेकवला.

आबासाहेबांनी डोळे बारीक केले. "काय वो, गड्याला लई लाडावलं तुमी. सायकल तुमचीच ना?"

शामकांतचे ओठ हलले. त्याने पारावरची माणसं मोजल्यासारखं पाहिलं. मग आपल्या चपलांकडे पाहिलं. आणि पाहतच राहिला.

भीमाने तेवढा वेळ दिला. माणसाला एक वाक्य बोलायला जेवढा लागतो तेवढा दिला, वर आणखी थोडा दिला. मग त्याने सीटखालच्या बिल्ल्यावर हाताची थाप मारली.

"ह्येच्याकडं काय बघता? मला इचारा. सायकल माजी हाय. ह्या हातानं केलीय. छावनीचा बिल्ला हाय, माज्या नावाचं लायसन हाय. काल ह्यो खोटं बोलला न् म्या गप ऱ्हायलो. ती चूक माजी. आज उतरनार न्हाई."

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी पाठीत. तो पडला तेव्हा सायकल अंगावर घेऊन पडला. मग काठ्या पुढच्या चाकावर पडल्या. तारा तुटल्या, चाक पापडासारखं वाकडं झालं. शामकांतच्या सायकलला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

"आता ढकलीत ने," आबासाहेब म्हणाले.

भीमा उठला. ओठातून रक्त येत होतं. त्याने सायकलकडे पाहिलं, खाली वाकला आणि ती उचलून खांद्यावर घेतली. ढकलली नाही. लोखंडाचं ते ओझं, मार खाल्लेला खांदा, मे महिन्याचं ऊन. पण ढकलली नाही. गाव बघत राहिलं. हसावं की काय करावं ते कुणाला सुचेना.

घाटाच्या पायथ्याशी त्याने ती खाली ठेवली. मागून शामकांत आला. डोळे सुजलेले. काही न बोलता त्याने आपली सायकल उलटी केली, नट सैल केले आणि आपलं निकेलचं पुढचं चाक काढून भीमापुढे धरलं.

भीमाने ते गरगर फिरवून पाहिलं. आउट नव्हता, चाक सरळ फिरत होतं.

"चाक घेतो," तो म्हणाला. "माफी न्हाई."

"बरं."

"न् माजं वाकडं चाक तुज्या सायकलला लाव. खांद्यावर घेऊन नगरापातूर चल. समजंल किती वजन हाय."

चाक बसलं. भीमा सीटवर बसला आणि घाटाला लागला. त्या चढाला सगळेच उतरतात, पलटणीतले शिपाईसुद्धा. पहिल्या वळणाला त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, दुसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो सीटवरून उभा राहून, एकेक पायडल सगळं अंग टाकून दाबत होता. पायी चालणारासुद्धा त्याच्यापुढे गेला असता. तरी पाय जमिनीला लागला नाही.

तिसऱ्या वळणावर खालून हाक आली. दोन वळणं खाली, खांद्यावर सायकल घेतलेला शामकांत तोंड वर करून सगळ्या ताकदीनिशी ओरडत होता, "भीमा! सायकल तुझी आहे! तुझीच आहे रे!"

दरीतून ते दोनदा घुमलं.

भीमाने मान वळवली नाही. हँडल घट्ट धरून, धापा टाकत तो ओरडला, "हितं कुनाला सांगतोस? वानरांना?"

आणि पुढचं पायडल दाबलं.