राखणीची बाटली

संपात गिरणी गेली तेव्हा मी साचेखात्यातला बऱ्यापैकी विणकर होतो. दोन वर्षांत बऱ्यापैकी बेवडा झालो. गिरणी बंद पडली म्हणून पितो, असं भेटेल त्याला सांगायचो. गिरणी धडधडत होती तेव्हाही मी पीतच होतो, एवढं मात्र गाळायचो.

लालबागच्या आमच्या चाळीत माझा एक मान तरीही शाबूत होता. आम्ही बहुतेक एकाच गावचे, मालवणाकडचे. गावच्या रीतीप्रमाणे चाळीमागच्या पिंपळाखाली एक दगड मांडला होता, तो आमचा राखणदार. देवदिवाळीला त्याला कोंबडा आणि दारूची बाटली द्यायची, हीच त्याची राखण. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचा मान वडिलांकडून माझ्याकडे आला होता. अर्धी बाटली दगडावर ओतायची, उरलेली प्रसाद म्हणून पुरुषांनी घ्यायची, आणि पहिला घोट गाऱ्हाणं घालणाऱ्याचा. देवाचीच दारू, तिला नाही कोण म्हणणार?

त्या वर्षी मी पहिल्या घोटावर थांबलो नाही. भर दुपारी घरात शिरलो आणि बायकोने कारखान्यातल्या लोकांसाठी भरून ठेवलेल्या जेवणाच्या डब्यांवर कोसळलो. आमटी जमिनीवर, भात माझ्या सदऱ्यावर, आणि आठ वर्षांची पोर कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली. बायको ओरडली नाही. फडक्याने जमीन पुसता पुसता म्हणाली, "फुडच्या राखणीक तुमी ह्या बाटलेक तोंड लावलास, तर मी पोरीक घेऊन गावाक जातंय. परत येवचंय नाय."

ती बोलते ते करते. मला घाम फुटला आणि रागही आला, कारण दोष माझाच होता. दुसऱ्या दिवशी तणतणत मासळी आणायला गेलो, तर नेहमीच्या कोळणीने माझ्या तोंडाचा वास घेऊन नाक मुरडलं.

"दादा, माजा घरवाला पन असाच व्हता," ती म्हणाली. "आता मंगलवारचा शालेत जातो. तुमी पन जा."

"या वयात शाळेत?"

"जा तर खरं. तितं सगले बेवडेच हायेत."

काळाचौकीजवळच्या त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेसमोरून मी तीन मंगळवार नुसताच गेलो. चौथ्या मंगळवारी आत शिरलो. तिसरीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे अडकवून, दारूपासून लांब राहू बघणारे दहा-बारा बाप्ये चहा पीत बसले होते. कोणी काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "मी आपला एका मित्राला सोडायला आलोय."

माझ्याबरोबर चिटपाखरू नव्हतं. सगळे खो खो हसले. कोळणीचा नवरा, शिवडीच्या खाडीत आयुष्य काढलेला काळाभोर म्हातारा, सरकून जागा करत म्हणाला, "बस रे. आमी पन सगले मित्राला सोडायलाच आलतो."

पुढच्या खेपेला उभा राहिलो आणि म्हणालो, मी दारुडा आहे. पोरीचं कोपऱ्यातलं बसणं सांगताना रडलो. साच्यावर बोट गेलं तेव्हाही रडलो नव्हतो. तिथे कोणी उपदेश केला नाही. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या बघू, एवढंच सांगितलं. मीही तेवढंच धरून राहिलो. गटारीच्या संध्याकाळी म्हाताऱ्याने मला शिवडीपासून माझगावपर्यंत दोनदा चालवलं. पायांना फोड आले, पण प्यायलो नाही.

देवदिवाळी तोंडावर आली तसा माझा धीर सुटला. मंगळवारी विचारलं, "देवाच्या बाटलीचं काय करू?" कोणी म्हणालं, जाऊच नकोस. पण न जाणं म्हणजे वडिलांचा मान सोडणं, आणि तोही दारूपायी. मला ते पटेना.

म्हाताऱ्याने चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "आमी पुनवेला दर्याला नारल देतो. दिला की दिला. अर्दा मागून घेत नाय."

देवदिवाळीला पिंपळाखाली सगळी चाळ जमली. पुरुष ग्लास घेऊन तयार, बायका वर गॅलरीत. आमच्यात गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" असा हुंकार पुरुषांनीच द्यायचा असतो. बाटलीचं बूच काढलं तसा वास थेट डोक्यात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलू?

"बा राखणदारा म्हाराजा," मी सुरुवात केली, "ह्यो जो काय तुझो मान, तो आज सगळो तुका दितंय. माझो वाटोव तुकाच. ह्या घोटाक माझ्या घराची वाट परत दाखव नको रे म्हाराजा!"

आणि बाटली उलटी केली. अर्धी झाली तरी हात वळवला नाही. शेवटचा थेंब दगडावर झटकला आणि बाटली खाली ठेवली. पुरुष ग्लासांकडे बघत राहिले. "होय म्हाराजा" म्हणायचं कोणाला सुचेना. हुंकाराशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही.

तेवढ्यात वरून, गॅलरीतून, माझ्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

मागोमाग पोरीचा. मग झक मारत सगळ्या पुरुषांनाही म्हणावं लागलं.